पुढचा भाजक

१

गोजरबाईंनी आपला शेवटचा भागाकार केला, तो कुणीही पाहिला नाही. हे आरंभीच नोंदवलेले बरे. पुढे जे सांगायचे आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना कुणी ना कुणी साक्षीदार आहे. या एका गोष्टीला नाही.

१९४० च्या फाल्गुनातली दुपार होती. त्यांचे भाऊ तातेराव परीक्षेच्या कामासाठी हिंगोलीच्या शाळेत थांबले होते. शेजारच्या मदीनाबी साडेचारच्या सुमारास ताकाचे भांडे परत करायला मागल्या दाराने आल्या, तेव्हा गोजरबाई माजघराच्या भिंतीला डोके टेकून बसल्या होत्या. मांडीवर पाटी होती, पेन्सिल बोटांत होती आणि बोटे गार पडली होती. पाटीवरचा भागाकार मात्र पुरा झालेला होता.

तो बरोबर होता. तातेरावांनी तो स्मशानातून परतल्यावर, अंघोळीच्याही आधी, पडताळून पाहिला. भाज्य नेहमीचेच, १,२३,४५,६७,८९१. भाजक ९९,९९१. बाकी ७९,००५. घरात मूळ संख्यांची जी छापील यादी होती, तिच्यातला हा अखेरचा भाजक. तातेरावांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि माळ्यावर टाकून दिली.

“संपलं,” ते स्वतःशीच म्हणाले. आवाजात दुःख होते, पण फक्त दुःखच होते असे म्हणता येणार नाही.

२

या बहीणभावांचे वडील धान्यबाजारात मापारी होते. पायलीने रास मोजताना मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन, चार. गोजरबाई नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्या आणि बापाच्या राशीशेजारी बसून वाढल्या. अक्षर त्यांना एकही येत नसे. आकडे येत. पोत्यांवर चुन्याने घातलेले पाहून पाहून त्या ते लिहायला शिकल्या होत्या. त्यांच्या नवाचे शेपूट ओळीच्या खाली लांबवर ओढलेले असे, पोत्यावरून चुना ओघळावा तसे.

तातेराव हैदराबादला बी. ए. झाले. १९३२ साली तिथल्या एका गणित-सभेच्या पत्रिकेत त्यांनी एक प्रश्न वाचला. एक ते नऊ आकडे ओळीने मांडून शेवटी पुन्हा एक लिहिला, तर होणारी संख्या मूळ आहे काय? म्हणजे एक आणि ती स्वतः, या दोहोंखेरीज कशानेही तिला पुरा भाग जात नाही, असे आहे काय? छापील कोष्टके एक कोटीच्या जरासे पुढे जाऊन थांबत. ही संख्या सव्वाशे कोटींच्या घरातली. तेव्हा मार्ग एकच: मूळ संख्यांची यादी घ्यायची आणि एकेकीने भागून पाहायचे. तातेरावांनी आठ दिवस भागले आणि ते कंटाळले. पाटी गोजरबाईंनी पुढे ओढली.

“लाभ, दोन, तीन,” त्या आकड्यांवरून बोट फिरवीत म्हणाल्या, “...आठ, नऊ, लाभ. लाभानं सुरू आन लाभावर शेवट. खमका दिसतोय, तात्या. कुनाच्या बापाला भाग जाऊ देनार न्हाई.”

काम ठरून गेले. सकाळी तातेराव त्या दिवसाचे भाजक वहीत आपल्या हाताने उतरवीत. दुपारी तीनला गोजरबाई माजघरात बसत, पाटीवर भागत आणि प्रत्येक भाजकासमोर भागाकार व बाकी मांडत. भाजक भावाचा, बाकी बहिणीची. त्याखेरीज एक वचन होते. काम पुरे झाले की छापील कागदावर गोजरबाईंचे नाव येईल, आणि बाजारातल्या लिंबाखाली, वडील मापाला बसत त्याच जागी, तातेराव ते चारचौघांत वाचून दाखवतील.

अशा कामाला शेवट असतो. भाजक त्या संख्येच्या वर्गमूळापाशी पोचले की थांबायचे. त्याहून मोठ्या भाजकाने भाग गेलाच, तर त्याच्या जोडीचा भाजक वर्गमूळाहून लहान असणार, आणि लहान ते सगळे तपासून झालेले असतात. या संख्येचे वर्गमूळ ३५,१३६ च्या किंचित पुढे येते. त्याअलीकडची अखेरची मूळ संख्या ३५,१२९. पावणेचार हजारांच्या आसपास भागाकार झाल्यावर, १९३६ च्या डिसेंबरात, गोजरबाई तिथे पोचल्या. बाकी २९,४४४ उरली. संख्या मूळ ठरली.

चार दिवसांत टिपण हैदराबादला रवाना झाले. त्याखाली नाव एकच होते, तातेरावांचे.

आणि वहीत दुसऱ्या सकाळी पुढचा भाजक होता, ३५,१४१. काम संपले असे सांगितले, की वचन पाळावे लागणार होते; आणि काम संपले नाही तोवर ते मोडलेही जात नव्हते.

त्या दुपारी गोजरबाईंनी हाक मारली. “तात्या, हे उलटं काहून होऊन राहिलं रे? आजपतुर उत्तर मोठं येत व्हतं आन भागनारा बारका. आज भागनारा मोठा झाला.”

ही गोष्ट तातेरावांच्या एकाही विद्यार्थ्याच्या आपणहून लक्षात आली नसती.

“तसं होतंच, आक्का.”

“मंग किती राहिले?”

“थोडे राहिले.”

थोडे म्हणजे पाच हजार आठशेहून जास्त होते. त्यात सव्वातीन वर्षे गेली, आणि बाईंची नजर गेली. शेवटी शेवटी त्या पाटी डोळ्यांना लावून लिहीत.

३

आषाढात हैदराबादहून पत्र आले. सभा मूळ वह्या जतन करू इच्छिते; सभेचे चिटणीस, प्रोफेसर अन्सार, श्रावणात स्वतः हिंगोलीला येऊन त्या घेऊन जातील. त्याच टिपणाच्या जोरावर तातेरावांचे नाव मुख्याध्यापकाच्या जागेसाठी वर गेलेले होते. वह्यांत मात्र लांब शेपटाचे नऊ पानोपानी होते. तेव्हा सगळे आपल्या हाताने नव्याने उतरवणे भाग होते. शाळा दुपारी सुटे. तीन ते सहा ते ओसरीत बसून नक्कल करू लागले.

तिसऱ्या दिवशी माजघरातून पाटीवरच्या पेन्सिलीचा आवाज आला.

उंदीर, त्यांना वाटले. मग घूस. मग लाकूड तडकत असेल. परंतु आवाजाला चाल होती: काही फटकारे, आडवी रेघ, पुन्हा काही फटकारे, मग थांबणे, मग एकच आकडा खाली ओढल्याचा लांब ओरखडा. उंदराला वजाबाकीनंतर थांबण्याचे काही कारण नसते.

ते उठून आत गेले. माजघरात नेहमीचेच होते. उतरंड, जाते, कोनाड्यातली चिमणी, आणि भिंतीवर गोजरबाईंच्या डोक्याच्या तेलाने पडलेला गोल डाग. डागाखाली पाटी होती. माळ्यावर टाकलेली पाटी. तिच्यावर भाज्य मांडलेले होते, नवाचे शेपूट चौकटीला टेकले होते, आणि भाजकाच्या जागी १,००,००३ होते. पुढे काही नव्हते. भाग लावायचा राहिला होता.

तातेरावांची बुद्धी सवयीने काम करू लागली. पाटी मांजराने पाडली असेल. लिहिणे बाईंचेच, आधीचे असेल. पण पाटी त्यांनी स्वतः पुसली होती. मग नीट पुसली गेली नसेल. इथपर्यंत जमले. त्यापुढे जमेना, कारण यादी ९९,९९१ ला संपत होती. त्यापुढची मूळ संख्या कोणती, हे या घरातल्या कुठल्याही कागदावर नव्हते आणि तातेरावांच्या डोक्यातही नव्हते.

ते खाली बसले आणि १,००,००३ तपासू लागले. पासष्ट भागाकार, दोन तास. मूळ होती. मधल्या संख्याही त्यांनी पाहिल्या. एकही सुटलेली नव्हती.

मग, का ते त्यांना सांगता आले नसते, त्यांनी पाटीवरचा भाग लावला. भागाकार १२,३४५. बाकी ३०,८५६. घर एकदम शांत झाले.

दुसऱ्या दिवशी तीनला पाटीवर १,००,०१९ होते.

त्यांनी पाटी विहिरीत टाकली. तेव्हा पुढचा भाजक नक्कल केलेल्या पानाच्या तळाशी आला. ते पान फाडले, तर एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेवर आला. शाळेत शिकवणे उर्दूत चाले; एकदा वर्गात फळ्याकडे वळले, तर वरची सगळी गणिते उर्दू आकड्यांत होती आणि खालची एकच ओळ बाळबोध आकड्यांत, लांब शेपटाची. “यह किसने लिखा?” त्यांनी विचारले. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. एक हळूच म्हणाला, “जनाब, आपने.”

भाग लावला की त्या दिवसापुरते थांबे. तेवढेच एक नक्की झाले होते.

४

“मदीनाबी, माझ्यामागं घरात कुणी येतं का?”

मदीनाबी ओट्यावर तूर पाखडीत होत्या. “कोन येनार, मास्तर? किल्ली तुमच्या कमरेला. झोपताना बी ती काढत न्हाई तुमी.”

“आक्का जायच्या आधी काही बोलली होती?”

सूप थांबले. “आता इचारता व्हय? पाच महिने झाले.”

“सांगा.”

“आमी दोघी चिंचा फोडत बसलो व्हतो. आक्कानं बारा चिंचोके सुपात मांडले. तीन-तीनच्या चार ओळी. मंग सूप असं फिरवलं.” त्यांनी रिकामे सूप आडव्याचे उभे केले. “म्हनली, आता बघ मदीना, चार-चारच्या तीन. चिंचोके तेच. मी म्हनलं, आक्का, त्यात काय नवल? तर हसली. तसली हसलेली मी तिला कधी बघितली न्हाई. म्हनली, तीननं बघून झाल्यावर चारनं कशापायी बघायचं? नुस्तं सूप फिरवायचं. त्यानं मला तीन वरसं सूप फिरवाय लावलं, मदीना. माझे डोळे गेले सूप फिरवण्यात.”

तातेरावांनी ओट्याचा कठडा धरला. वर्गमूळाचा नियम कॉलेजात त्यांना एका प्राध्यापकाने शिकवला होता. गोजरबाईंना तो बारा चिंचोक्यांनी शिकवला.

“मग तिनं काम सोडलं का नाही?”

“मी बी तेच म्हनलं. सोड की आता. तर म्हनली, सोडू कशी? त्याची यादी सरू दे. मंग यादी मी देईन. त्यो भाग लावील.” मदीनाबींनी सूप पुन्हा उचलले. “आठव्या दिवशी गेली.”

“मला आधीच काहून नाही सांगितलं तुम्ही?”

“तुमी तिला कधी काय सांगितलं, मास्तर?”

५

प्रोफेसर अन्सार पूर्णेच्या गाडीने आले. बारीक चणीचे, पांढऱ्या दाढीचे, अत्यंत अदबशीर गृहस्थ. तातेरावांनी नक्कल ३५,१२९ पाशी संपवली होती, शेवटच्या ओळीखाली दुहेरी रेघ मारली होती आणि गठ्ठा सुतळीने बांधून सकाळपासून स्वतःच्या मांडीवर ठेवला होता. तो क्षणभरही खाली ठेवलेला नव्हता.

चहा झाला. तीन वाजायला आले होते. आत पेन्सिल सुरू झाली. पाहुण्याला ती ऐकू येते की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

“माशाअल्लाह, क्या सफ़ाई है,” प्रोफेसर पाने उलटीत म्हणाले. “इतना सब्र आजकल कहाँ, मास्टरसाहब!” मग ते शेवटच्या पानावर आले आणि चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ नेला. “यह आख़िरी सतर दूसरे हाथ की मालूम होती है.”

तातेराव पुढे वाकले. दुहेरी रेघेच्या खाली आणखी एक ओळ होती: ३५,१४१. समोर काही नव्हते.

“किसका हाथ है यह?”

माजघरातली पेन्सिल थांबली. वजाबाकीनंतरचे थांबणे नव्हे. ते तातेरावांना ओळखता येत होते. हे कान देऊन थांबणे होते. एक नाव घ्यायचे होते. पाच अक्षरे. ती घेतली असती तर मुख्याध्यापकाची जागा गेली असती, थोडी छीथू झाली असती, आणि पत्रिकेच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली असती. प्रोफेसर तशी छापणारे होते. ते त्यांच्या तोंडावरच लिहिलेले होते.

“माझाच,” तातेराव म्हणाले. “मेरा ही है, साहब. उस दिन हाथ दुख रहा था.”

पेन्सिल पुन्हा चालू झाली. आता भराभर.

“लेकिन जज़र तो पीछे रह गया,” प्रोफेसर सौम्यपणे म्हणाले. वर्गमूळाला ते उर्दूतला शब्द वापरीत. “उसके आगे जाने की ज़रूरत? यह तो वही करेगा जिसे मालूम न हो कि रुकना कहाँ है.”

प्रोफेसरांनी गठ्ठा पुन्हा बांधला आणि अलगद त्यांच्यासमोर सरकवला. “फ़ुरसत से देख लीजिए. मैं फिर कभी ले जाऊँगा.” फिर कभी म्हणजे कधीच नाही, हे दोघांनाही कळले.

जोडा घालताना ते माजघराच्या दाराकडे वळले, नजर खाली केली आणि हात कपाळाशी नेला.

“अंदर बुज़ुर्ग ख़ातून काम में हैं, मैंने ख़लल नहीं डाला. मेरा सलाम कहिएगा. और एक अर्ज़ है, मास्टरसाहब, उन्हें ज़रा उजाले में बिठाइए. बेचारी स्लेट आँखों से लगाकर लिख रही हैं.”

तातेरावांनी वळून पाहिले. उन्हातून आत पाहणाऱ्या डोळ्यांना माजघर काळेच दिसते. त्या काळोखात, बसलेल्या माणसाचे तोंड जिथे असावे तिथे, पाटीची लाकडी चौकट उभी होती. तिच्या खालच्या कडेवर चार बोटांची टोके होती, पेन्सिलीच्या भुकटीने पांढरी झालेली. चौकट हळूहळू खाली येऊ लागली.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

६

मुख्याध्यापक दुसरेच कुणी झाले. तातेराव नोकरीत राहिले.

त्यांनी बरेच काही करून पाहिले. वसमतला चुलतभावाकडे जाऊन राहिले. पहिल्याच दिवशी जेवायच्या पाटाखालच्या जमिनीवर, हळदीच्या बोटाने काढलेला, पुढचा भाजक होता. ते परत आले. एकदा त्यांनी हिशेब मांडला. शेवट कुठे आहे? वर्गमूळापाशी थांबायचे नसेल, तर ही यादी ती संख्या स्वतः येईपर्यंत चालते. तिथे प्रथमच बाकी शून्य येईल. तोवर वाटेत सहा कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. दिवसाला दहा केल्या तरी सोळा-सतरा हजार वर्षे.

१९४३ च्या अक्षय्य तृतीयेला ते बाजारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले की अमुक संख्या मूळ आहे, आणि ते माझी बहीण गोजरबाई हिने सिद्ध केले, मी नाही. दोघे मापारी ज्वारी मोजत होते. त्यातला म्हातारा क्षणभर थांबला.

“कोन्ती संख्या, मास्तर?”

तातेरावांनी सांगितली.

“बरं,” म्हातारा म्हणाला, आणि मोजू लागला. “लाभ. दोन. तीन.”

तातेराव घरी आले. वहीत पुढचा भाजक होता. त्या दिवसापासून एकाऐवजी चार येऊ लागले.

नंतरच्या वर्षांत मदीनाबींना भिंतीपलीकडून त्यांचे बोलणे ऐकू येई. दुपारचे, एकच वाक्य. “आक्का, किती राहिले?” उत्तर आलेले त्यांनी कधी ऐकले नाही. गोजरबाईंना आकड्यांखेरीज काही लिहिता येत नव्हते, आणि तातेरावांनी त्यांना दिले होते ते उत्तर आकड्यात नव्हते.

७

तातेराव १९४८ च्या भाद्रपदात वारले. निजामाचे राज्य गेले तो आठवडा. दुपार होती, या खेपेलाही मदीनाबींनीच पाहिले. माजघरात, तेलाच्या डागाखाली, भिंतीला डोके टेकून ते बसले होते. वह्यांचा गठ्ठा मदीनाबींनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती प्रोफेसर अन्सारांकडे पाठवला. तो डिसेंबरात पोचला.

प्रोफेसरांनी त्यातले भाजक ग्रंथालयातल्या मोठ्या छापील कोष्टकाशी ओळीने ताडून पाहिले. हे कोष्टक हिंगोलीत कधी आलेले नव्हते. १,००,००३ पासून पुढे आठ हजार तीनशेहून अधिक मूळ संख्या क्रमाने मांडलेल्या आहेत. त्यांत एकही चुकीची नाही, आणि एकही सुटलेली नाही. त्या कशा शोधल्या, याचे कच्चे काम गठ्ठ्यात कुठेही नाही.

या भागातले भागाकार आणि बाकी तातेरावांच्या हस्ताक्षरात आहेत. भाजकांचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्या हाताचा आहे. शेवटच्या दहा वह्यांचा कागद युद्धकाळातला, तपकिरी आणि खरबरीत आहे. तो बाजारात आला तेव्हा गोजरबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

तातेरावांनी पुरी केलेली शेवटची ओळ १,९९,९९९ ची. पाच नऊ, पाच लांब शेपटे. बाकी १,७४,०६३. बरोबर आहे.

तिच्याखाली त्याच दुसऱ्या हाताने २,००,००३ मांडलेले आहे. हीही मूळ संख्याच आहे. समोरची जागा कोरी आहे.